सुई, हात, पेटी, गाडी

भूमकडं जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यावर जी पिवळी बैठी इमारत आहे, तिचं उद्घाटन आजवर दोनदा झालं. पहिल्यांदा दूध शीतकरण केंद्र म्हणून. त्या वेळी तीन पुढारी आले, तिघांनी मिळून एकच फीत कापली, आणि दुधाच्या आधी संस्थाच थंड पडली. दुसऱ्यांदा उद्घाटन झालं ते प्रसूती केंद्र म्हणून. त्या वेळी एकही पुढारी फिरकला नाही, आणि तिथंच गावाला पहिली शंका आली.

दुसरी शंका जास्त वजनदार होती. या केंद्राला डॉक्टर नव्हता. रजेवर गेलेला डॉक्टर गावाला माहीत होता, मीटिंगला गेलेला माहीत होता, बदलीच्या खटपटीत असलेला तर घरच्यासारखा होता. पण जो मुळात असणारच नाही असा डॉक्टर गावानं अजून पाहिला नव्हता. इथं होत्या बाळंतपणाचंच वेगळं शिक्षण घेऊन आलेल्या दोन नर्स, एक पांढरी गाडी, आणि त्या गाडीपासून हाकेच्या पलीकडं कधी न जाणारा ड्रायव्हर वैजनाथ.

“डॉक्टर न्हाय अन् दवाखाना हाय,” ज्ञानोबा म्हणाले. “म्हंजी दूध न्हाय अन् खवा हाय म्हणायचं.”

ज्ञानोबांची खव्याची भट्टी होती, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट त्यांना दुधापासून सुरू होऊन खव्यापाशी संपताना दिसायची. त्यांच्या बायकोचं, मथुराबाईंचं, तसं नव्हतं. त्यांना प्रश्न पडायचे. प्रश्न सगळ्यांनाच पडतात म्हणा, पण गावाकडं ते गिळायची रीत आहे. मथुराबाईंना गिळणं जमलं नाही. “एक घंटी वाजली की गाडी थांबती, दोन वाजल्या की निघती, मग तीन वाजवल्या तर काय करती?” असं त्यांनी एकदा बार्शीच्या एस.टी.त कंडक्टरला विचारलं होतं. तेव्हापासून तो कंडक्टर त्या चढल्या की पुढच्या बाजूला निघून जायचा.

एक प्रश्न मात्र त्यांच्या पोटात परकरात असल्यापासून होता. त्यांची थोरली बहीण कमळाक्का माहेरी बाळंत झाली. सुखरूप झाली म्हणून गूळ वाटला. तो गूळ तोंडात विरघळतो न विरघळतो तोच रक्त सुरू झालं ते थांबलं नाही. बैलगाडी जुंपली, पण ओढ्यापासूनच माघारी वळवावी लागली. तेव्हापासून मथुराबाई विचारत आल्या होत्या : बाळ झाल्यावर रक्त थांबलंच नाही, तर काय करायचं?

हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बाळंतपणांत सुइणीला विचारला, ती म्हणाली, “असलं अभद्र बोलू न्हाय.” नंतर जो कुणी पांढऱ्या कोटात दिसला त्याला विचारला. कुणी हसलं, कुणी शिक्षण विचारलं.

आता त्यांची लेक दीपमाला शेजारच्या तालुक्यातल्या वाशीहून, सासरहून, माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रीत म्हणजे निर्णय माहेरचा, खर्च माहेरचा, आणि काही कमीजास्त झालं तर बोलही माहेरालाच. विहीण उमादेवी यांनी निर्णयातला स्वतःचा वाटा मात्र सोडला नव्हता. त्यांनी शहरातला एक मोठा दवाखाना आधीच पसंत करून ठेवला होता आणि मथुराबाईंना तो दाखवायलाही नेलं होतं. काचेचं दार आपोआप उघडायचं. आत माशांची पेटी होती. मथुराबाईंनी दारातून चारपाच वेळा आतबाहेर करून ते कशानं उघडतं याचा छडा लावायचा प्रयत्न केला, माशांना रात्री झोप येते का हे रिसेप्शनवरच्या पोरीला विचारलं, आणि मग डॉक्टरांना त्यांचा तो प्रश्न विचारला.

“आजकाल तसं काही होत नाही,” डॉक्टर मोबाईलकडं बघत म्हणाले.

“पर झालं तर?”

“आम्ही आहोत ना.”

“तुमी हाईतच की. पर करता काय?”

“विहीणबाई,” उमादेवींनी त्यांचा दंड धरला, “चला. डॉक्टरांना कामं असत्यात.”

परतीच्या वाटेवर उमादेवी एस.टी.त दोन बाकं सोडून बसल्या. वाशीत त्यांना मान होता. त्यांचा दीर पतसंस्थेवर होता.

चार दिवसांनी मथुराबाई एकट्याच फाट्यावरच्या केंद्रात गेल्या. बरोबर पावशेर खवा घेतला, कारण रिकाम्या हातानं प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. तिथली मोठी नर्स, शिवरंजनी, तुळजापूरकडची, जळकोटची. तिशीतली बाई, बांगड्या नाहीत, नखं कापलेली. ती अंगणात घागर विसळत होती.

“सिस्टर, एक इचारू का?”

“विचारा की मावशी.”

मथुराबाईंनी विचारलं. शिवरंजनीनं घागर पालथी घातली आणि पायरीवर बसली. उत्तर द्यायला माणूस खाली बसतं, याचंच मथुराबाईंना आधी नवल वाटलं.

“आधी सुई,” शिवरंजनी म्हणाली. “बाळ आलं की लगेच, सगळ्याच बायांना, रक्त जास्त जाऊ नये म्हणून. तरी जायला लागलं तर हात. पोटावरून गर्भाची पिशवी चोळायची, ती घट्ट दगडासारखी होईस्तोवर. सलाईन, औषधं चालूच असतात. तरी थांबलं नाही तर पेटी. आणि पेटीनं थोपवून धरायचं अन् गाडी.”

“गाडी कुठं?”

“धाराशिवला, मोठ्या दवाखान्यात. तिथं रक्त चढवतात, लागलं तर ऑपरेशन करतात. ते आम्हाला जमत नाही.”

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘आम्हाला जमत नाही’ हे मथुराबाईंनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते मनातल्या मनात दोनदा घोळवून पाहिलं. वाक्य छोटं होतं, पण त्यावर टेकून बसता येत होतं.

“अन् पेटीत काय आस्तंय?”

इथं शिवरंजनी जरा अडखळली. तिनं मथुराबाईंच्या डोक्यावरच्या पदराकडं पाहिलं, मग घागरीकडं.

“असतं... सामान. तशी वेळ आली तर बघालच की.”

मथुराबाईंनी ते उत्तर घेतलं, पण ते अर्धं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. अर्ध्या आटलेल्या दुधाला जसं सोडून जाता येत नाही, तसं त्यांचं मन त्या पेटीपाशी घुटमळत राहिलं.

निर्णय मात्र झाला : बाळंतपण फाट्यावरच्या केंद्रात. तो उमादेवींना फोनवर कळवला.

“आमची सून नर्सच्या हातात देताय,” त्या म्हणाल्या. “द्या. माहेरचं बाळंतपण हाय, आमी बोलणार न्हाय. पर माझ्या सुनंच्या केसाला धक्का लागला तर मग म्या बोलंन, विहीणबाई. सगळ्या वाशीला ऐकू जाईल असं बोलंन.”

माघ महिना होता. हरभरा घाट्यावर आला होता. सकाळी दीपमालाला कळा सुरू झाल्या, तेव्हा केंद्रात पोचायला वैजनाथच्या गाडीला फार वेळ लागला नाही. उमादेवी वाशीहून मिळेल त्या एस.टी.नं आल्या. आल्या त्या जरीकाठाचं लुगडं नेसून आणि चेहऱ्यावर ‘मी काहीच म्हणत नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहून.

आत बघण्यासारखं पुष्कळ होतं. दीपमालाला झोपवून ठेवलं नव्हतं. ती व्हरांड्यात फेऱ्या मारत होती, चहा पीत होती, कळ आली की खांबाला धरून उभी राहत होती आणि शिवरंजनी तिची कंबर चोळत होती.

“ही कसली तऱ्हा?” उमादेवी म्हणाल्या. “बाळंतीण हाय का तलाठ्याच्या ऑफिसात आल्याली बाई? नुसत्या चकरा!”

“चालल्यानं बाळ खाली सरकतं, काकू,” धाकटी नर्स निकिता म्हणाली.

“आमच्या वक्ताला आपोआप सरकायचं.”

मथुराबाईंनी मात्र सगळं पाहून घेतलं. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या पोटाला लावून बघितलं. आतून फक्त सकाळच्या भाकरीचा आवाज आला.

दुपार कलली आणि कळा मंदावल्या. शिवरंजनी म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, बाळाचे ठोके चांगले आहेत, थांबूया. पण मथुराबाईंना थांबण्याची दुसरी बाजू माहीत होती. बाई अडली की घरातलं सगळं बंद ते उघडायचं. कुलपं काढायची, डब्यांची झाकणं उघडायची, गाठी सोडायच्या, वेण्या मोकळ्या करायच्या. बंद काही राहिलं की पोटही बंद राहतं. हे त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. त्या बायांपैकी कुणाला ते सिद्ध करायची गरज पडली नव्हती.

त्यांनी आधी घरी फोन लावला. “अवं, घरातलं समदं उघडून टाका. ट्रंक, कोठी, डबं, समदं.”

“भट्टी चालू हाय माझी,” ज्ञानोबा म्हणाले.

“भट्टी ऱ्हाऊ द्या. भट्टीला झाकण कुठं हाय?”

ज्ञानोबा आज्ञाधारक. त्यांनी सगळं उघडलं, त्यात शेरडांचा वाडाही उघडला. शेरडं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेली, आणि ते भांडण पुढं शिमग्यापर्यंत पुरलं.

केंद्रात मथुराबाईंनी लेकीची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडा सोडला. उमादेवींनीही काही न बोलता आपला सोडला. या बाबतीत वाशी आणि भूम यांचं एकमत होतं. मथुराबाईंनी कपाटं उघडली, पिशव्यांच्या गाठी सोडल्या, खिडक्या उघडल्या.

“उघडा मावशी,” शिवरंजनी दारातूनच म्हणाली. “वारा येईल. फक्त फ्रीज तेवढा नको, सुया खराब होतील.”

फ्रीजचं मथुराबाईंना पटलं. दुधाच्या धंद्यातल्या बाईला गारव्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण शिवरंजनी दीपमालाला घेऊन परत व्हरांड्यात गेली, निकिता कपडे गरम करायला गेली, आणि खोलीत मथुराबाई एकट्या उरल्या. एकट्या म्हणजे त्या आणि ती पेटी. लाल, कोपऱ्यातल्या टेबलावर, झाकणावरून कागदी पट्टी चिकटवलेली. अख्ख्या खोलीत आता एवढी एकच वस्तू बंद होती.

त्यांनी तिच्याकडं पाठ केली. मग पुन्हा वळल्या. लेकीसाठी उघडावी की स्वतःच्या जिवाची तगमग भागवावी म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही कारणं एकाच दिशेला जात असली की माणूस फार विचार करत नाही. पट्टी नखानं सोडवली, झाकण उघडलं.

आत नळ्या होत्या, सलाईनच्या बाटल्या होत्या, हातमोजे, औषधाच्या कुप्या, जाड दोरा. आणि त्या सगळ्यांच्या वर, हाताला पहिलं लागावं असं, सरकारी निरोधचं पाकीट.

मथुराबाई दचकल्या. पाकीट त्यांना ओळखीचं होतं. कुटुंबनियोजनवाल्या बाया गावात वाटायच्या, तेव्हा ते कुणीच घेत नसे आणि संध्याकाळपर्यंत सगळी संपलेली असत. पण हे इथं कशाला? याची वेळ तर नऊ महिन्यांमागंच टळली!

मग त्यांच्या डोक्यात एकेक येऊ लागलं. निकिता बिनलग्नाची पोरगी. वैजनाथ तरणा. कुणी खोडी केली असेल? की आणखी काही? आणि बाहेर उमादेवी बसलेल्या. त्यांनी हे पाहिलं असतं तर? ‘नर्सबायांच्या पेटीत काय असतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं,’ हे वाशीत दिवेलागणीपर्यंत पोचलं असतं, आणि ज्या जागेनं त्यांच्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं तिची अब्रू गेली असती. मथुराबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, पाकीट उचललं आणि कनवटीला खोचलं. झाकण लावलं, पट्टी अंगठ्यानं दाबली. आपण एका चांगल्या ठिकाणाची लाज राखली, असं त्यांना मनापासून वाटलं.

थोड्याच वेळात कळा परत जोर धरू लागल्या. उघडलेल्या पेटीमुळं की चाललेल्या पायांमुळं, याचा निकाल ज्यानं त्यानं आपापला लावावा.

दीपमाला बाळंत झाली ती गुडघ्यांवर, पलंगाचा कठडा धरून. तसंही बाळंत होता येतं, हे मथुराबाईंना नवीन होतं. बाळ रडलं. शिवरंजनीनं ते लगेच आईच्या छातीवर ठेवलं, वरून गरम कपडा टाकला, निकितानं दीपमालाच्या मांडीत सुई दिली.

“नाळ का कापत न्हाय?” मथुराबाईंनी विचारलं.

“तिच्यातून अजून रक्त बाळाकडं चाललंय. हात लावून बघा, उडतीय.”

मथुराबाईंनी हात लावला. खरंच उडत होती. इतकी बाळंतपणं पाहिली, पण हे कुणी दाखवलं नव्हतं. दारातून उमादेवींनीही मान पुढं केली.

नाळ उडायची थांबल्यावर कापली, मग वार पडली. दीपमालाला उताणं निजवून तिच्याखाली निकितानं प्लास्टिकचा एक कपडा पसरला; त्याला खाली झोळी आणि झोळीवर रेघा, दुधाच्या मापासारख्या. मथुराबाईंनी त्या रेघा पाहिल्या आणि त्यांना बरं वाटलं. अंदाजानं दूध घेणारा गवळी आणि मापानं घेणारा, यातला फरक त्यांना कळत होता.

मग माप भरू लागलं.

शिवरंजनीचा हात दीपमालाच्या पोटावर गोल फिरू लागला, नंतर जोरात फिरू लागला. तिचा आवाज मात्र खाली आला. “निकिता, सलाईन. ते दुसरं इंजेक्शन. वैजनाथला गाडी लावायला सांग, धाराशिवला फोन कर.” लघवीची पिशवी रिकामी केली, जिभेखाली गोळ्या दिल्या. मथुराबाई प्रत्येक गोष्ट ओळखत होत्या. सुई झाली. हात चालला होता. झोळीतलं रक्त पुढच्या रेघेला लागलं.

“आई,” दीपमाला म्हणाली, “मला गार वाटायलंय.”

कमळाक्काही हेच म्हणाली होती. मथुराबाईंनी लेकीचं कपाळ धरलं आणि पेटीकडं पाहिलं. आता पेटी. मग गाडी. पेटी आहे, अजून पेटी आहे.

“निकिता, फुगा,” शिवरंजनी म्हणाली.

निकितानं पेटी ओढली. पट्टी तिच्या हातात सुटीच आली. तिनं झाकण उघडलं, चाचपलं, वस्तू वरखाली केल्या.

“ताई, निरोध नाहीये.”

“नीट बघ.”

“नाहीये ताई. सकाळी मीच ठेवलाय, सगळ्यात वर.”

“काय न्हाय?” दारातून उमादेवींनी विचारलं. त्यांच्या हातात बाळ दिलेलं होतं.

मथुराबाईंच्या कमरेला जणू निखारा लागला. ‘फुगा’ म्हणजे तेच, आणि ते कशासाठी हे अजून कळलेलं नसलं, तरी ते आता, या घडीला, आपल्या कनवटीला असू नये एवढं कळलं. समोर विहीण उभी. जन्मात ज्या वस्तूचं नाव नवऱ्यापुढं घेतलं नाही, ती सोयरिकीतल्या बाईसमोर लुगड्यातून काढायची. एवढी लाज वाटायला खरं तर वेळ लागतो; तो वेळ नव्हता. त्यांनी कनवटीत हात घातला.

“हे घ्या. म्या काढलं व्हतं.”

उमादेवींची नजर पाकिटावरून मथुराबाईंच्या कमरेवर आणि कमरेवरून परत पाकिटावर गेली.

“हे तुमच्यापाशी कसं?”

“मागनं सांगते, ताई.”

निकितानं पाकीट फाडलं, निरोध एका नळीच्या टोकावर चढवला, जाड दोऱ्यानं गच्च बांधला. शिवरंजनीनं तो आत सारला. मग कुणाकडं हात रिकामा आहे म्हणून पाहिलं आणि सलाईनची बाटली मथुराबाईंच्या हातात दिली.

“उंच धरा, मावशी. हात खाली आणायचा नाही.”

बाटलीतलं पाणी नळीतून उतरू लागलं. मथुराबाईंनी हात वर ताणला. पण पाणी निघालं कुठं, हे कळल्याशिवाय त्यांना राहवेना.

“सिस्टर, हे पाणी कुठं चाललंय?”

“फुग्यात. फुगा आत फुगतोय. बोट कापलं की आपण दाबून धरतो ना? तसा हा पिशवीला आतून दाबून धरतो. बाहेरून माझा हात, आतून हा.”

पाणी उतरत राहिलं. सगळ्यांच्या नजरा झोळीवर होत्या. शेवटच्या रेघेच्या खाली रक्त थबकलं. एक थेंब आला. मग वाट पाहिली, तर दुसरा आला नाही.

“बास,” शिवरंजनी म्हणाली आणि नळी बंद केली. “आता गाडी.”

मथुराबाईंचा हात वरच होता. निकितानं तो धरून खाली आणला.

पुढं धाराशिवला दीपमालाला रक्त चढलं, फुगा दुसऱ्या दिवशी काढला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो बांधणाऱ्या हाताची चौकशी केली. पण ते पुढचं. आत्ता गाडी माळावरून पळत होती आणि मागं आडव्या निजवलेल्या दीपमालाभोवती शिवरंजनी, दोन विहिणी आणि बाळ असे सगळे दाटीवाटीनं बसले होते. उमादेवींना जागा नाही असं सांगितलं होतं. त्या तरीही बसल्या होत्या.

“मावशी,” शिवरंजनी दीपमालाच्या नाडीवरचं बोट न काढता म्हणाली, “पेटी उघडलीत त्यात माझीही चूक आहे. तुम्ही विचारलं होतंत. वडीलधाऱ्या बाईसमोर त्याचं नाव कसं घ्यावं म्हणून मी लाजले.”

“अन् म्या तुमची लाज राखायला गेले,” मथुराबाई म्हणाल्या.

“दोघींच्या लाजंत माझी सून गेली असती की वो!” उमादेवी म्हणाल्या.

गाडी एका खड्ड्यातून गेली. वैजनाथनं पुढून माफी मागितली, रस्त्याच्या वतीनं.

दीपमालाचे डोळे मिटू लागले.

“झोपू देऊ नका,” शिवरंजनी म्हणाली. “बोलतं ठेवा तिला. काहीही विचारा.”

असं काम मथुराबाईंना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. “दीपे, तहान लागली का? पाय गार पडलेत का? कळा कशा व्हत्या, पाठीतनं का पोटातनं? गुडघ्यावर बरं वाटलं का निजून बरं वाटलं असतं?”

“हूं,” दीपमाला म्हणाली.

“हूं म्हंजी कुठलं? गुडघ्यावर?”

बाळ सावरत उमादेवी पुढं झुकल्या. आवाज हळू होता.

“सिस्टर, मला एक सांगा. ते... त्येच्यात पाणी मावतं किती?”

“पुष्कळ मावतं, काकू. घागरभर नाही, पण तांब्याच्या आसपास.”

“अन् फुटत न्हाय?”

“सहसा नाही.”

“सरकारी असून?” उमादेवींना हे खरंच विलक्षण वाटलं. “अन् मला सांगा, ह्ये कुणाच्या डोक्यात आलं आसंल पहिल्यांदा? बाई का बाप्या? बाईच आसंल. का वो विहीणबाई? दीपमाला, तुला काय वाटतं? ऐकायलीस का? आगं, बोल की. बाई आसंल का बाप्या?”

“आत्याबाई,” दीपमाला डोळे न उघडता, स्वच्छ आवाजात म्हणाली, “तुमी जरा गप बसा की वो. डोकं उठवलंय दोघींनी.”

लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासूला तिनं वर मान करून कधी उत्तर दिलं नव्हतं. मथुराबाई जागच्या जागी ताठल्या. असल्या शब्दांवरून सोयरिकी मोडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

उमादेवींनी शिवरंजनीकडं पाहिलं. शिवरंजनीनं नाडीवर बोट ठेवूनच मान हलवली, की ठोके बरे आहेत.

“ऐकलंत का?” उमादेवी मथुराबाईंना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. “मला उलटून बोलली. चांगली ठसक्यात बोलली.” त्यांनी बाळासकट सुनेच्या कानापाशी तोंड नेलं. “आजून बोल, माझे माय. काय काय साठवलंय दोन वर्साचं, समदं बोल. धाराशिव यीस्तोवर ऐकते म्या.”

दीपमालानं एक डोळा उघडला, सासूकडं पाहिलं आणि विचार करू लागली.